सहा फुटांचा दांडा

माझं अक्षर सुंदर आहे. ही फुशारकी नाही, पुढं जे सांगायचंय त्यातला तो पुरावा आहे. तेहतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं आणि त्यातली बरीचशी फळ्यावर सुविचार लिहिण्यात घालवली. निवृत्त झाल्यावर कॉलनीचा अर्जनवीस झालो. नळाला आठव्या दिवशी पाणी आलं, डीपीतून ठिणग्या उडाल्या, मोकाट कुत्री माजली, की लोक माझ्या दारात. “सर, तुमच्या अक्षरात असला म्हणजे साहेब वाचतो तरी,” म्हणायचे. मीही फुगायचो. आता अर्ज लिहायला पेन हातात घेतलं की मला माझीच शिसारी येते, आणि त्याला कारण सत्यभामा.

सत्यभामा आमच्या कॉलनीपुढचा फुटपाथ झाडायची. ठेकेदाराच्या हजेरीवरची सफाई कामगार. बागेच्या फाटकापासून चौकातल्या रसवंतीपर्यंतचा पट्टा तिच्याकडे होता. सकाळी साडेपाचला यायची, नऊला संपवायची. पन्नाशी ओलांडलेली, काटक, आणि बोलायला लागली की कुणाची भीडभाड न ठेवणारी बाई. फुटपाथवरच्या प्रत्येकाला तिनं नाव ठेवलं होतं. पाटबंधारे खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झालेले आमचे सोमनाथराव पळताना तोंडानं फुसफुस करायचे, म्हणून ते ‘इंजिन’. मी दर झाडाखाली थांबायचो, म्हणून मी ‘पैठणची एसटी’.

“काय सर, गाडी आज येळेवर सुटली वाटतं?”

मी मूळचा पैठणकडचाच, त्यामुळे मला राग यायचा नाही. ती “जयभीम सर” म्हणायची, मी “नमस्कार, नमस्कार” म्हणायचो. दहा वर्षांत एकदा तरी उलट जयभीम म्हटलं असतं तर माझी जीभ काही झडली नसती.

बाकीचे कामगार पालापाचोळा लोटून ढीग करायचे आणि काडी लावायचे. सत्यभामा कधीच लावायची नाही. गोणीत भरून चौकातल्या कुंडीपर्यंत ओढत न्यायची. मी एकदा विचारलं तर म्हणाली, “धूर माझा दुश्मन हाय सर. घरी आमचे हे हायत ना.” हे म्हणजे सांडू, तिचा नवरा. वाळूजच्या एका कारखान्यात बावीस वर्षं लोखंडी कास्टिंगला ग्राइंडर मारून मारून त्याच्या छातीत ती बारीक धूळ जाऊन बसली होती. आता तो घरीच असायचा, उशाशी दम्याचा पंप घेऊन. डॉक्टरांनी तिला बजावून ठेवलं होतं की याला साधी सर्दीसुद्धा जड जाईल. त्यामुळे कोरोना आला तेव्हा सगळं शहर स्वतःसाठी घाबरलं, सत्यभामा फक्त सांडूसाठी घाबरली. कामावरून गेली की चपला बाहेर, पत्र्याच्या न्हाणीत अंघोळ, साडी बादलीत, आणि मगच उंबरा ओलांडायचा. झोपायची ओट्यावर. “कोरोना माझ्या पायानं घरात येऊ द्यायचा नाय,” एवढी एकच गोष्ट तिनं धरून ठेवली होती.

पहिल्या लाटेत आम्ही तिचा सत्कार केला होता. हो, आम्हीच. थाळ्या वाजवल्या, लांबूनच हार फेकला आणि तिला ‘कोरोना योद्धा’ असं सन्मानपत्र दिलं. मजकूर माझा, अक्षर माझं. सांडूनं ते काचेच्या फ्रेममध्ये घालून भिंतीवर लावलं. ‘आपल्या निःस्वार्थ सेवेस शतशः प्रणाम’ असं त्यात होतं. हातमोजे मात्र त्या कार्यक्रमात कुणाला आठवले नाहीत.

मग एकवीस सालचा मार्च आला, दुसरी लाट आली. शहराच्या पाट्यांवर तेव्हा जुनं नाव होतं. नाव बदललं, फुटपाथ अजून तेवढाच आहे. बागांना कुलपं लागली आणि बागेतल्या ट्रॅकवर पळणारे आम्ही सगळे बाहेर आलो. फुटपाथ कसला, पाच फुटांची पट्टी. त्यातून कडुनिंबाची झाडं, डीपी आणि पाणीपुरीवाल्याची बंद गाडी वजा केली तर एका माणसापुरती वाट उरते. त्या वाटेत आम्ही पन्नास-साठ जण, आणि सत्यभामा. मास्क सगळ्यांकडे होते. कुणाच्या हनुवटीला, कुणाच्या मनगटाला, सोमनाथरावांच्या मुठीत. पळताना दम कोंडतो म्हणून ते मुठीत धरायचे आणि पोलिसांची गाडी दिसली की नाकाला लावायचे.

सहा फुटांचं अंतर ठेवा, असं फोन लावला की रोज एक बाई सांगत होती. पण ठेवायचं कुणी? पळणारा थांबत नाही, त्याची लय बिघडते. मग सत्यभामाच झाडणं थांबवायची आणि खराटा उचलून खाली रस्त्यावर उतरायची. पळणारा गेला की परत वर. दोन हात झाडलं की पुन्हा खाली. रस्त्यावर दूधवाल्यांच्या मोटारसायकली सुसाट. एका सकाळी एकाचा कॅन तिच्या कोपराला घासून गेला आणि ती मटकन कडेला बसली. मी जवळच होतो, कडुनिंबाखाली, माझ्या थांब्यावर.

“लागलं का बाई?”

“लागायचं काय त्यात, सर.” कोपर चोळत ती म्हणाली. “पन एक सांगते. आमचं गाव बिडकीनकडचं. माझा आज्जा तरणा होता तवा चावडीपुढनं जाताना वाहाना काढून हातात घ्यायचा. समोरनं कुणी मोठा आला की वाट सोडून चिखलात उतरायचा. दीक्षा घेतली अन् त्या दिवसापासनं वाहाना घालून रस्त्याच्या मधोमध चालला. मरताना आम्हा पोरींला एकच म्हन्ला, कुणासाठीबी वाट सोडायची नाय. अन् मी इथं रोज सकाळी किती बारी खाली उतरू राह्यले, मोजा जरा.”

मी मोजलं नाही. “काळच तसा आहे, बाई,” म्हणालो. काळावर ढकललं की आपले हात स्वच्छ राहतात.

“ते जाऊ द्या. मला एक अर्ज लिहून द्या. मुकादमाला सांगून सांगून तोंड दुखलं. मास्क द्या, हातमोजे द्या, अन् ह्या पळणाऱ्या साहेबलोकांला एक बाजू ठरवून द्या. बास, एवढंच लिहा. तुमचं अक्षर पाहिलं की वरचे ऐकतेत.”

दुसऱ्या दिवशी तिनं कागदसुद्धा आणला. प्लॅस्टिकच्या पिशवीत, घडी न पाडता. जाड, फिक्या हिरव्या रेघांचा फुलस्केप. सांडूनं कारखान्यातल्या त्याच्या जुन्या वहीतून पट्टी लावून फाडून दिला होता. “घरात कोरा असा हाच चांगला होता,” म्हणाली. मी तो घेतला, “उद्या देतो” म्हणालो आणि टेबलाच्या खणात ठेवून दिला. त्या उद्याचे आठ उद्या झाले. ती विचारायची, “एसटी कुठं अडकली, सर?” मी हसून पुढं जायचो. वेळ नव्हता असं नाही. माझा वेळ शब्दकोडं सोडवण्यात जात होता.

अर्जाची वाट बघून बघून नवराबायकोनं स्वतःच तोड काढली. लग्नं बंद होती, मंडपवाल्याकडे बांबू धूळ खात पडले होते. त्यातला एक सरळसा बांबू तिनं मागून आणला. सांडूनं खाटेवर बसून, मध्येमध्ये पंप ओढत तो टेपनं मोजला, खराट्याला तारेनं आवळला आणि बरोबर सहा फुटांवर खूण म्हणून लाल टेप गुंडाळली. दुसऱ्या दिवशी सत्यभामा तो लांबलचक खराटा खांद्यावर टाकून हजर.

नियम तिनंच केला, आणि शेंबड्या पोराला कळेल इतका सोपा. समोरून पळणारा आला की ती झाडणं थांबवून कुंपणाच्या भिंतीला पाठ लावायची. मास्क नाकावर असला की दांडा उभा, पळणाऱ्यानं कडेकडेनं निघून जायचं. मास्क हनुवटीवर असला की दांडा आडवा, भिंतीपासून थेट फुटपाथच्या काठाबाहेर. मग पळणाऱ्यानं रस्त्यावर उतरायचं, वळसा घालायचा आणि परत वर यायचं. “मी लई दिवस उतरले साहेब, आता तुमची पाळी,” असंही वर ऐकवायची.

आठवडाभर मी जे पाहिलं ते त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. बँकेतले निवृत्त मॅनेजर, दोन वकील, एक बिल्डर, लांबून दांडा दिसला की खिशातून मास्क काढून मुकाट्यानं नाकाला लावत. मीही हनुवटीवाला होतो, मीही लावू लागलो. खोटं कशाला बोलू, मला मजा येत होती. घरी येऊन बायकोला सगळ्यांच्या नकला करून दाखवल्या. ती हसली आणि म्हणाली, “बाई शहाणी आहे. तिचा अर्ज लिहिलात का?” मी पेपर उघडून तोंडापुढं धरला.

सोमनाथरावांना मात्र मजा येत नव्हती. एके काळी त्यांच्या सहीनं कालव्याला पाणी सुटायचं. आता एक झाडणारी बाई त्यांना वाट बंद करते, हे त्यांच्या पचनी पडेना. एका सकाळी ते मास्क मुठीत घेऊन आले, दांडा आडवा झाला आणि खाली उतरण्याऐवजी त्यांनी उडी मारली. वय सदुसष्ट. बुटाचं टोक बांबूत अडकलं आणि साहेब दोन्ही तळहातांवर आपटले. गुडघा फुटला, चष्मा गटारीच्या जाळीशी जाऊन पडला.

सत्यभामा धावली नाही. होती तिथंच भिंतीला चिकटून राहिली आणि दांडा त्यांच्यापुढं केला.

“धरा साहेब. मला जवळ येता येत नाय, घरी आजारी मानूस हाय. हे धरून उठा.”

त्या दिवसांत याहून शहाणपणाची मदत कुणी केली नसती. आम्ही बाकीचे तर नुसते बघत उभे होतो. पण सोमनाथरावांना पडल्याचं दुःख नव्हतं, पुढं आलेल्या दांड्याचं होतं.

“झाडू लावतेस मला? झाडू?” ते ओरडले.

आमच्याकडे अंगाला केरसुणीचा नुसता स्पर्श झाला तरी अपशकुन मानतात. साहेब लंगडत घरी गेले आणि आधी डोक्यावरून न्हाले. गुडघ्याला मलम त्यानंतर लागलं.

दुपारपर्यंत कॉलनीच्या ग्रुपवर मजकूर फिरू लागले. झाडल्यानं धूळ उडते आणि धुळीतून रोग पसरतो. त्या लोकांच्या वस्तीत म्हणे घरोघरी रुग्ण आहेत. ही बाई ज्येष्ठांवर काठी उगारते. सकाळी जो दांडा मदतीला पुढं आला होता त्याची दुपारी काठी झाली होती. मी तिथं होतो, मी सगळं पाहिलं होतं, आणि मी ग्रुपवर एक अक्षर लिहिलं नाही. शनिवारी सोमनाथराव माझ्या दारात आले, मास्क अगदी नाकावर घेऊन.

“सर, एक अर्ज हवाय. तुमच्या भाषेत. आजच्या आज.”

मी नाही म्हणू शकलो असतो. मी त्यांच्या उपकाराखाली होतो, असंही काही नव्हतं. मला कुणी ‘तुमच्या भाषेत’ म्हटलं की मी विरघळतो, एवढंच कारण.

शनिवार-रविवार कडक लॉकडाऊन, दुकानं बंद. खण उघडला तर हिरव्या रेघांचा एक कोरा कागद हाताला लागला. तो कुणाचा हे तेव्हा लक्षातच आलं नाही, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होतो. आलं होतं. तिला नंतर दुसरा देऊ म्हटलं. अर्ध्या तासात अर्ज तयार झाला. त्यातलं एक वाक्य मला अजून पाठ आहे, कारण लिहिताना मी त्यावर खूश झालो होतो. ‘सबब, ज्येष्ठांच्या आरोग्याचा विचार करता सदर महिला कर्मचाऱ्यास, नागरिकांशी संपर्क येणार नाही अशा अन्य कामावर नेमण्यात यावे.’ खाली एकेचाळीस सह्या, पहिली माझी. सत्यभामाला नागरिकांत धरायचं माझ्या मनातही आलं नाही.

महापालिकेतल्या साहेबांनी अर्ज वाचला. अक्षर सुंदर होतं ना! आठ दिवसांत मुकादम कडुबानं तिला फुटपाथवरून काढलं आणि शब्दशः तसल्याच कामावर टाकलं. घरी विलगीकरणात असलेल्या रुग्णांच्या दारातून पिवळ्या पिशव्या उचलणारी गाडी. त्या दारांत खरंच कुणी नागरिक उभा राहत नसे. पिशवी बाहेर ठेवून दार लावून घेत. मला हे कडुबानंच सांगितलं. मी “अरेरे” म्हणालो आणि फिरायला निघालो. वाट मोकळी झाली होती, मास्क परत हनुवटीवर आला होता.

एप्रिलमध्ये आम्ही नवराबायको पॉझिटिव्ह निघालो. सौम्य होतं, घरीच राहिलो. चौथ्या दिवशी सकाळी गाडी दाराशी आली आणि मी खिडकीतून पाहिलं. सत्यभामा उतरली. तोंडाला कापडी मास्क, त्यावरून पदर, आणि हात उघडे. माझे वापरलेले रुमाल, खोकून बोळा केलेले कागद, आमच्या उष्ट्या ताटल्या, सगळं ज्यात होतं ती पिशवी तिनं उघड्या हातांनी उचलली. मग तिनं वर पाहिलं. मी पडदा सोडला.

“कोण होतं?” बायकोनं आतून विचारलं.

“कचऱ्याची गाडी,” मी म्हणालो.

पावसाळ्यात बागा उघडल्या. पळणारे सगळे आत ट्रॅकवर गेले, फुटपाथ रिकामा झाला आणि कुणाची काही तक्रार उरली नाही. तेव्हा कडुबानं सत्यभामाला तिच्या जुन्या पट्ट्यावर परत आणलं. माझ्या अंगात अजून त्राण नव्हतं, म्हणून मी बाहेरच हळूहळू चालायचो. एका सकाळी समोर ती दिसली. मी घाईनं मास्क नाकावर घेतला आणि दांडा आडवा व्हायच्या आधीच खाली रस्त्यावर उतरलो. निदान एवढं तरी करावं, असं वाटलं.

ती थांबली नाही. भिंतीलाही चिकटली नाही. खराटा चालूच होता. जवळ गेल्यावर दिसलं, दांडा करवतीनं कापून आखूड केला होता. लाल टेपचा भाग त्यात गेला होता.

“वर या, सर. गाड्या येतेत,” ती म्हणाली. “आता कशाला उतरता?”

मी वर चढलो. “दांडा कापला?”

“लांब दांड्यानं कंबर जाती. अन् ज्या मानसासाठी अंतर धरलं होतं, ते मानूसच नाय आता.”

एप्रिलच्या शेवटी तिला दोन दिवस ताप आला आणि उतरला. तिला वाटलं, उन्हाचा असेल. ओट्यावर झोपत होती, साड्या भिजवत होती, तरी तिसऱ्या दिवशी सांडूला धाप लागली. घाटीच्या सरकारी दवाखान्यात नेलं, पाचव्या दिवशी तो गेला. हे सांगताना ती रडली नाही. “माझ्याच पायानं आला घरात,” एवढं म्हणाली. “कुण्या दारच्या पिशवीतनं आला, ते काय कळलं नाय.”

मला आमची पिवळी पिशवी आठवली. तो अर्ज मी लिहिला, माझं चुकलं, असं म्हणायला मी तोंड उघडलं. पण तिनंच विषय काढला.

“कडुबाच्या हातात पाहिला होता मी तो कागद. लांबूनच ओळखला. हिरव्या रेघा. ह्यांनी पट्टी लावून फाडलेला, मी नाय ओळखनार तर कोन? अन् त्याच्यावर तुमचं अक्षर. ते तर भिंतीवर रोज बघते. मला वाटलं, आली बाबा एकदाची एसटी. सरांनी लिहिला आपला अर्ज. लई हरखले बघा मी. कडुबाला म्हन्लं, वाच रे मोठ्यानं, सगळ्यांला ऐकू दे.”

झाडत झाडत ती माझ्यापर्यंत आली. माझ्या पायाशी कडुनिंबाचा पाला साचला होता.

“सरका सर, झाडायचंय,” ती म्हणाली.

मी पुन्हा खाली उतरलो.